पिशवीचा पंचनामा

आमच्या उंब्रजात पन्नाशी ओलांडलेल्या चार बायका कट्ट्यावर बसल्या, की त्यातल्या तिघींची पिशवी काढलेली असते आणि चौथी तारीख ठरवून आलेली असते. पिशवी म्हणजे गर्भपिशवी, हे आमच्याकडं फोड करून सांगावं लागत नाही. "पिशवी काढली" म्हटलं, की समोरची बाई "मिरजंला का कराडला?" एवढंच विचारते. आणि एकदा पिशवी गेली, की त्या बाईचा आणि बायकांच्या डॉक्टरचा संबंध कायमचा मिटला, हा आमच्या कट्ट्याचा सर्वमान्य सिद्धांत आहे. माझीही काढलेली आहे. मीही या सिद्धांताची निष्ठावंत पाईक होते. आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी दचकायला नको.

या सगळ्याला सुरुवात झाली ती आत्तींमुळं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बयाबाई. वय चौऱ्याहत्तर, पण आवाज अजून शिवारापलीकडच्या माणसाला घरी बोलावू शकतो. त्यांचा नातू, म्हणजे आमचा मुलगा यशराज, अग्निवीर म्हणून भरती झाला आणि बेळगावला त्याची शपथविधीची कसम परेड ठरली. त्याचे आजोबा फौजेत, वडील फौजेत, आता हा. भरती झाल्या दिवसापासून आत्तींच्या तोंडी परेडशिवाय दुसरा विषय नव्हता. परेडला कुठलं लुगडं नेसायचं तेही ठरलं होतं. आणि प्रत्यक्ष तारीख कळल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी जावा. घरी कुणीतरी पायजेल. म्हस हाय."

म्हैस खरी होती, कारण खोटं होतं. वर्षभर मी बघत होते. आत्ती बसायच्या त्या एका अंगावर कलून. शिंक आली की मोरीकडं धाव. कराडला लग्नाला जायचं तरी आदल्या दिवसापासून पाणी तोडायच्या. उंब्रज ते बेळगाव म्हणजे जीपमध्ये तीन-चार तास. ते त्यांच्याच्यानं होणार नव्हतं, आणि का होणार नाही हे त्या मेल्या तरी सांगणार नव्हत्या. ज्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याची परेड त्या म्हशीच्या नावाखाली चुकवणार होत्या. मला ते बघवेना.

"आत्ती, कराडला एक बाई डॉक्टर आहेत. दाखवून येऊ," मी एकदा भाकरी थापता थापता विषय काढला.

"काय दाखवू? मला काय धाड भरलीया?"

"त्रास होतोय ना तुम्हाला?"

"आगं, माझी पिशवी काढलीया. लय वरसं झाली. मोटर इकल्यावर हिरीवरचं लाईटबिल कोण भरतंय का?"

"पिशवी काढली तरी तपासून घ्यावं लागतं."

"व्हय का? तुझी बी काढलीया की. तू गेलीस का कवा?"

भाकरी तव्यावर करपली. मी नऊ-दहा वर्षांत एकदाही गेले नव्हते.

आत्तींनी माझी गोची ओळखली. "आसं कर. मास्तरीण हायेस, आधी तू जा. डाक्टरीण जर म्हणाली, की पिशवी नसलेल्या बाईला बी तपासाय लागतंय, तर मी येती. सिदोबाची आण."

माहेरच्या दैवताची आण आत्ती सहसा घेत नाहीत. मी ती झेलली. आमचे सुभेदार, म्हणजे माझे पती वीरधवल, पेपरच्या आडून म्हणाले, "बरोबर आहे. आधी ऑफिसर पुढं, मग जवान." सेवानिवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घर ही एक तुकडी आहे आणि तिच्यात ते सोडून सगळ्यांनी आघाडीवर जायचं असतं, हा त्यांचा समज काही निवृत्त झालेला नाही.

आता डॉक्टरकडं जायचं म्हणजे गुपचूप जावं, एवढी माझी साधी इच्छा होती. पण आमच्या कॉलनीत भिंती सामायिक आहेत. संध्याकाळी शेजारची समीक्षा आली, मोबाईल पुढं धरूनच. "काकी, मी बघितलं सगळं. एका व्हिडिओत सांगत्यात, पिशवी काढल्यावर तपासणीची काही गरज नाही. दुसऱ्यात सांगत्यात, दरवर्षी केलीच पाहिजे. तिसऱ्यात सांगत्यात, मेथ्या भिजवून खावा."

"मग यातलं खरं काय?"

"तिसऱ्याला लाईक लय हायत," समीक्षा म्हणाली.

तिच्यामागून पलीकडच्या घरातले नानासो आले. नानासो निवृत्त तलाठी. विषय बायकांचा आहे, आपण त्यात पडू नये, असं त्यांना वाटलं असावं; कारण ते आमच्याकडं पाठ करून, तुळशीकडं बघत बोलले. "वैनी, माझं त्यात काय न्हाई. पण एक सांगतो. फेरफार झाल्याबिगर जुनी नोंद कमी हुत न्हाई. काढल्याचा कागद संगं न्या."

कागद! तो कुठला असायला? ऑपरेशनचे कागद त्या वेळी एका साडीच्या पिशवीत ठेवले होते, आणि साडीची पिशवी पुढं कुणाला तरी लुगडं घालून देताना कागदांसकट गेली. कागद घेऊन गेलेली बाई कोण, हेही मला आता आठवत नाही. तिला माझ्या हिमोग्लोबिनची संपूर्ण माहिती आहे.

तर मी कराडला गेले. डोक्यावरून पदर, डोळ्याला काळा चष्मा. दवाखान्यात पाऊल टाकलं आणि काउंटरवरून आवाज आला, "आय्या, संयोगिता बाई! बाई, तुमी हितं?"

नववी ब मधली पूजा. मी तिला कधीकाळी प्रयोगवहीसाठी वर्गाबाहेर उभी केली होती आणि आज तिच्यासमोर मी उभी होते. बाकावरच्या समस्त बायकांनी माना वळवल्या. त्यातल्या दोघी पालक-सभेला येणाऱ्या होत्या.

"बाई, शेवटची पाळी कधी?" पूजानं खणखणीत आवाजात विचारलं. वर्गात उत्तर देताना हाच आवाज मी तिच्याकडं मागत असे, तेव्हा कधी निघाला नव्हता.

"पिशवी काढलीय," मी पुटपुटले.

"आँ?"

"पिशवी काढलीय!"

"मग बाई, आता काय तपासायचं?" पूजा म्हणाली, आणि अख्ख्या बाकानं माना डोलावल्या. सिद्धांत कराडपर्यंत पोचलेला होता.

आत डॉक्टर रेश्मा होत्या. तरुण, शांत, हसऱ्या. त्यांनी ऑपरेशन कशासाठी झालं ते विचारलं. मी म्हटलं, गाठी होत्या, साध्याच निघाल्या. मग त्यांनी विचारलं, "पिशवीचं तोंड काढलंय का ठेवलंय? आणि दोन्ही बाजूची अंडाशयं?"

 पिशवीला तोंड असतं आणि ते कधी कधी ठेवतात, हे मला माहीत असायला हरकत नव्हती. ही आकृती आमच्या पुस्तकात आहे. पण तो धडा आला, की मी इतकी वर्षं "हे घरी वाचून या" म्हणून पुढच्या धड्यावर जात असे. इतर शाळांतही याच पद्धतीनं शिकवतात.

"सगळंच काढलं म्हणाले होते," मी म्हटलं.

"सगळं म्हणजे काय काय, त्यावर ठरतं," डॉक्टर म्हणाल्या. "जुने कागद असतील तर बरं. नसले तरी आत्ता तपासलं की कळेल." आणि त्यांनी पडद्यामागच्या टेबलाकडं हात केला.

त्यांचं शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही, असं मी घरी सांगितलं. ऐकू आलं होतं. पण पडद्याबाहेर नववी ब, पडद्याआड ते टेबल, आणि पायात माझे मोजे, त्यातला एक टाचेला फाटलेला. "कागद आहेत! घेऊनच येते!" म्हणून मी असे पाय लावून पळाले, की चष्मा काउंटरवरच राहिला.

अशा रीतीनं कागदाचा शोध सुरू झाला.

मिरजेला ज्या दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं, तिथं आता साड्यांचं दुकान आहे. मोठे डॉक्टर वारले, मुलगा पुण्याला गेला. दुकानदार भला माणूस. त्यानं माहिती दिली, की जिथं आता पैठणी लावल्यात तिथं ऑपरेशनची खोली होती, आणि जुने कागद सगळे सांगलीच्या गोडाऊनला गेले. सुभेदारांनी तेवढ्यात दोन साड्या बघितल्या आणि महाग आहेत म्हणून परत घडी घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून साडी बघितली, ती मी जिथं भूल घेऊन पडले होते त्या जागी.

सांगलीच्या गोडाऊनला एक रखवालदार खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, अर्ज लिहायला लावला, आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, नवऱ्याची सही घेतली, आणि सगळं नीट टाचून झाल्यावर म्हणाले, "ते सगळं महापुरात गेलं."

"मग अर्ज कशाला घेतला?"

"कोण आलं, कोण गेलं, कळाय नगं?"

सांगलीत जी वस्तू सापडत नाही ती महापुरात गेलेली असते. यावर वाद घालता येत नाही, कारण निम्म्या वस्तू खरोखरच गेलेल्या असतात. माझी पिशवी आधीच गेली होती, आता तिचा पुरावाही कृष्णामाईनं नेला. मला उगीचच भरून आलं.

घरी आल्यावर तुळशीकडं तोंड करून नानासो म्हणाले, "कागद न्हाई ना? मग साक्षीदार बगा. काढलेली पिशवी दाखवली आसंल की न्हाई नातेवाइकास्नी?"

हे मात्र खरं होतं. आमच्या भागात ऑपरेशन झालं, की आतून जे काही काढलं ते स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर आणतात आणि "बघून घ्या" म्हणतात. नातेवाईक वाकून बघतात, मान डोलावतात. अशी रीतच आहे. म्हणजे माझ्या पिशवीला या पृथ्वीतलावर तीन साक्षीदार होते: माझे पती, माझा भाऊ विश्वजित आणि आत्तींचे धाकटे बंधू नाथाजीमामा. नानासोंनी त्याच बैठकीत कोरा कागद मागवला आणि वर लिहिलं, "पंचनामा".

साक्षीदार क्रमांक एक घरातच होता.

"अहो, ट्रेमध्ये काय बघितलंत तुम्ही?"

सुभेदार खाकरले. "तसं सांगायचं तर मी त्या वेळी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो."

"बर्फातल्या लढाईचं तर काय काय सांगत असता! हा मेला, त्याचा हात तुटला!"

"ते वेगळं. ते आपल्या बायकोचं नव्हतं," सुभेदार म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली. इतकं प्रेमाचं वाक्य ते तेवढं एकच बोलले असतील, आणि नानासोंनी ते पंचनाम्यात 'माहिती नाही' असं नोंदवलं.

साक्षीदार क्रमांक दोन तासगावला. फोन केला. विश्वजित म्हणाला, "तायडे, जेवताना काय इच्यारतीस गं हे?" ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. "पपईएवढी हुती."

"तिला तोंड होतं का?"

"मला काय म्हाईत? नर्स म्हणाली बघितलं का, मी म्हटलं बघितलं. डोळं मिटूनच म्हटलं."

"मग पपई कुठून आली?"

"ती तिथंच कुणीतरी पेशंटला आणली हुती."

राहिले नाथाजीमामा. ते माणमध्ये, दहिवडीच्या पुढं राहतात. माणूस शेरडामेंढरांत जन्म काढलेला. तो ट्रे बघून डोळे मिटणारा नाही, अशी माझी खात्री होती. रविवारी आम्ही तिकडं गेलो. मामांनी चहा केला, सुभेदारांना खाट दिली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी मुद्द्याला हात घातला. "मामा, मिरजेला ऑपरेशन झालं, तेव्हा ट्रेमध्ये तुम्ही काय बघितलंत? नीट आठवून सांगा."

मामांच्या हातातली बशी लवंडली. "कुणाच्या आपरेशनाचं इच्यारतीस? आक्काच्या?"

"नाही हो, माझ्या."

"आसं व्हय! तुझ्या!" मामांचा जीव भांड्यात पडला. मग ते ऐसपैस बसले. "तुझी मजबूत हुती गं. बोकडाच्या डोक्यायवडी."

"तिला तोंड होतं का?"

"बोकडाला? व्हय की."

मी नाद सोडला. निघता निघता सहज म्हटलं, "मामा, आत्तींच्या वेळेलाही तुम्हीच होता ना मिरजेला?"

त्यावर मामा ताडकन उठले. "शेरडं कुणाच्या रानात शिरली बगतो," म्हणाले आणि झपाझप बांध ओलांडून गेले. शेरडं आमच्या समोर खुंट्याला बांधलेली होती आणि तीही मामांकडं बघत होती. म्हातारा लाजला असेल, असं मला वाटलं.

परेड जवळ येत चालली होती. आत्तींनी मोरीच्या वाटेवरची खुर्चीसुद्धा हलवून ठेवली होती, आडवी येते म्हणून. मी मनाचा हिय्या केला, नवे मोजे घेतले आणि पंचनामा घेऊन पुन्हा कराड गाठलं.

डॉक्टर रेश्मांनी पंचनामा वाचला. 'पपई', 'बोकड' आणि 'माहिती नाही' वाचून त्यांना टेबलावर डोकं टेकून हसावं लागलं. "बाई, मी त्या दिवशीच म्हणाले होते, तपासलं की कळेल."

"हो का? मला ऐकू आलं नसेल," मी म्हटलं.

पडद्यामागं गेले. मोज्यांकडं कुणी बघितलंही नाही. मी डोळे गच्च मिटून आवर्त सारणीतली मूलद्रव्यं म्हणायला घेतली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम करत फ्लोरिनपर्यंत पोचते न पोचते, तोवर डॉक्टर म्हणाल्या, "झालं. उठा." इतकंच? यासाठी मी मिरज, सांगली आणि माण पालथं घातलं होतं?

"तोंड काढलेलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गाठीही साध्या होत्या. त्यामुळं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी जी पॅपची तपासणी करतात, ती तुम्हाला नको. ज्यांचं तोंड ठेवलेलं असतं, किंवा ज्यांना आधी काही दोष निघालेला असतो, त्यांना ती लागते. पण बाकी बाई आहे तिथंच आहे ना? अंडाशयं राहिलेली असू शकतात, ती सोनोग्राफीत बघू. छातीतल्या गाठी, हाडं, लघवीचा त्रास, खालचा भाग सैल पडून उतरणं, हे पिशवी नाही म्हणून थांबत नाही. वर्षाकाठी एकदा दाखवून जात जा."

मी घरी येऊन हे सगळं आत्तींना शब्दशः सांगितलं. आत्तींनी वकिलासारखं एकच वाक्य उचललं. "म्हंजी तुला नगं म्हणाली!"

"एक तपासणी नको म्हणाल्या. बाकी या म्हणाल्या. तुम्ही सिदोबाची आण घेतलीय."

 मग अमावस्या निघाली. अमावस्येनंतर म्हैस माजावर आली. मग उडदाच्या डाळीचं वाळवण. शेवटी सुभेदारांनी जीप दारात उभी केली आणि म्हणाले, "आई, नातवाला सांगू काय, आजी वाळवणाला बसली म्हणून?" तेव्हा कुठं त्या उठल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांत ज्यांना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नाही, त्या माझा हात धरून बसल्या होत्या. मला वाटलं, बाईमाणूस, लाज वाटत असेल.

सुभेदार बाहेर बाकावर बसले. आत्ती पडद्याआड गेल्या. मी पडद्याच्या अलीकडं.

"आजी, पिशवी कधी काढली?" डॉक्टरांचा आवाज.

"लय वरसं झाली."

"कुठं?"

"मिरजंला."

हातमोजे चढवल्याचा आवाज. मग डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "आजी, मग ही काय आहे?"

"काय हाय?"

"पिशवी. जागेवर आहे. नुसती आहे नाही, खाली उतरलीय. त्याचाच सगळा त्रास आहे."

मी पडदा बाजूला केला. "काय?" मी ओरडलेच.

"बोंबलू नगंस!" आत्ती आडव्या पडल्या पडल्या दबक्या आवाजात माझ्यावर खेकसल्या. "भाइर वीरू बसलाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सुभेदार तेव्हा शाळेत, मामंजी आसामच्या बाजूला फौजेत. घरात सोळा माणसं, पाणी लांबच्या विहिरीचं, शेणापासून भारे वाहण्यापर्यंत सगळं आत्तींच्या अंगावर. पोट दुखून गडबडा लोळायला लागल्या, तेव्हा नाथाजीमामांनी मिरजेला नेलं. अपेंडिक्स होतं. ते काढलं.

"आट दिस जपा म्हणाला डाक्टर," आत्ती सांगत होत्या. "आन् शेजारच्या खाटंवर येक बाई. तिची पिशवी काढल्याली. तिला सांगितलं, सा म्हैनं वझं उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई. म्या म्हटलं, पोट तिचं बी फाडलंय, माझं बी फाडलंय. टाकं सारकंच. मग तिला सा म्हैनं आन् मला आट दिस, ह्यो कुटला न्याव? नाथ्याला म्हटलं, घरी पिशवी म्हणून सांग."

"आणि मामांनी सांगितलं?"

"सांगतोय न्हाई तर! बहिणीचं हाल बगत हुताच की. सा म्हैनं खाटंवर बसून गरम भाकरी खाल्ली, पोरी. सासूनं करून घातली. जल्मात तेवडीच."

"आणि पाळी?"

"ती पुढली चार-पाच वरसं चोरून काढली. पर बाजूला बसायचं मिटलं. घरातल्या समद्या पूजा माझ्या हातनं झाल्या. देवानं कवा हटकलं न्हाई."

डॉक्टर रेश्मा हातमोजे काढायचं विसरून ऐकत होत्या. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने बसून खाता यावं म्हणून ही बाई एक खोटं बोलली, आणि ते उघडं पडेल या धास्तीनं जन्मभर डॉक्टरच्या दाराला शिवली नाही. अंग बाहेर यायला लागलं तरी दात-ओठ खाऊन सोसत राहिली. मला त्यांचा राग यायला हवा होता. उलट त्या सोळा माणसांचा आला, आणि त्यातलं आता भांडायला कुणीच शिल्लक नव्हतं.

"आजी, दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एक तर ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची..."

"काढायची?" आत्ती उठूनच बसल्या. "आन् लोकास्नी काय सांगू, दुसऱ्यांदा काढली म्हणून?"

मग दुसरी वाट धरली. डॉक्टरांनी आतून आधार देणारी रिंग बसवली, आणि आत्तींची पॅपची तपासणी जन्मात एकदाही झाली नव्हती म्हणून तीही करून टाकली. ती पुढं चांगली आली. काही दिवसांनी पुन्हा येऊन रिंग दाखवायची, एवढं पथ्य. आत्ती टेबलावरून उतरल्या, दोन पावलं टाकली, थांबल्या. पुन्हा दोन टाकली. एका अंगावर न कलता खुर्चीत बसून बघितलं. "आगं बया," एवढंच म्हणाल्या.

बाहेर सुभेदारांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, वय झालंय, आधाराला रिंग बसवलीय. त्यांनी पुढं चौकशी केली नाही. भिंतीवर तिथंही लसीकरणाचा एक तक्ता होता. तुम्ही म्हणाल, मग हे सगळं असं लिहून कसं काढलं? तर आत्तींनी स्वतः परवानगी दिलीय, आणि आमच्या घरात माझं लिखाण कुणी वाचत नाही.

परेडला आम्ही दोन जीप भरून निघालो. बायकांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आत्ती, ठरवलेल्या लुगड्यात, ताठ बसलेल्या. कराड गेलं, कोल्हापूर गेलं, गाडी थांबवा म्हणून त्यांनी एकदाही सांगितलं नाही. निपाणीच्या पुढं त्यांनी चक्क उसाचा रस मागवून प्यायला. मी नुसती त्यांच्याकडं बघत होते.

समीक्षाच्या डोक्यात अजून तोच किडा होता. तिनं मागून मान पुढं काढली. "आजी, तुमी बी जाऊन आलासा म्हणं डाक्टरकडं. मग सांगा की एकदा. माझ्या आईची बी पिशवी काढलीया. तिनं जायाचं का नाही?"

जीपमधल्या साऱ्या बायका कान टवकारून बसल्या. त्यातल्या जवळजवळ सगळ्याच काढलेल्या. आत्तींनी रसाचा ग्लास माझ्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं.

"जायाचं म्हंजी काय, जायाचंच," त्या म्हणाल्या. "आगं, त्याबिगर कळायचं कसं, काढलीया का न्हाई ती?"

सगळी जीप खो खो हसली. आत्ती हसल्या नाहीत.